ध्रुवयानाचं पारायण

वलगावच्या सूर्यभानजींना टीव्हीसमोरून उठवायचं कसं, हा दुर्गाबाईंपुढचा यक्षप्रश्न होता. आणि खरी गोम अशी, की नवऱ्याला तिथं बसवलं होतं त्यांनीच.

त्याचं असं झालं. ‘ध्रुवयान’ ही अवकाशातली मालिका गेली सव्वीस वर्षं चालू आहे. सूर्यभानजींनी ती धरली अलीकडे. कप्तानाचा डावा हात लोखंडाचा का, हे काही कोणी सांगेना. मग लेकीनं, खुशीनं, मोबाईल टीव्हीला जोडून दिला. जुने भाग सगळे त्यात होते, तीनशेच्या वर! सूर्यभानजी आज हा, उद्या तो, असे चाखत बसले. दुर्गाबाई गहू निवडता निवडता सहज बोलून गेल्या, "पोथी कोनी मधातूनच उघडते काय?"

झालं! दर श्रावणात पोथी लावणारा माणूस तो. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून पाटावर बसला आणि पहिल्या भागापासून सुरुवात केली. रोज दोन अध्याय, आणि अध्याय अर्धा टाकून उठायचं नाही. दुर्गाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

अशात अकोल्याहून चंद्रभानजी खुशीला पाहायला यायचे ठरले. त्यांचा ललित आणि खुशी अमरावतीला एकाच कॉलेजात होते. दोघांचं कधीच जमलं होतं, अडलं होतं ते ललितच्या बापाच्या होकारापाशी. आणि बाप महा मानाचा भुकेला. नांदगाव खंडेश्वरला यजमान दारापर्यंत सामोरा आला नाही, म्हणून हा गृहस्थ चहा न घेता परतला होता. अकराला येणारे बापलेक दहालाच आले, आणि आत एक्केचाळिसावा अध्याय नुकता लागला होता.

चंद्रभानजी जोडे काढून दारात उभेच. यजमान कुठं आहेत, असं त्यांनी दोनदा विचारलं. दुर्गाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्या आत धावल्या, नवऱ्याचा खांदा हलवला. सूर्यभानजींनी नजर न हलवता हात वर केला.

"अध्याय संपू द्या."

चंद्रभानजींनी ते ऐकलं. जोडे पायात घालायला वळले, आणि वळता वळता टीव्हीकडे नजर गेली.

"ह्या कप्तानाचा हात तं शाबूत हाय," ते म्हणाले, आणि न विचारता सतरंजीवर येऊन बसले.

चहा गार झाला. साथीदारांना वाचवताना यानाच्या दारात कप्तानाचा हात गेला, तेव्हा दोघांनीही डोळे पुसले.

"वीस वर्षांपासून पाहून रायलो, पन हे आज समजलं," चंद्रभानजी म्हणाले. मग दुर्गाबाईंकडे वळले. "जो मानूस धरलेलं अर्धं सोडत नाई, त्याची लेक आमाले पसंत हाय. पन मीही मधातूनच पाह्यलं ना. आता दोघं मिळून पयल्यापासून लावू. साखरपुडा समाप्तीले."

रोजचे दोन, म्हणजे पाच महिने! खुशीचा चेहरा पडला. लेकीचा तो चेहरा दुर्गाबाईंना पाहवेना. त्यांनी पदर खोचला.

"रोजचे दोन कायले? अखंड सप्ताह लावा. पहारे वाटून घ्या."

बापलेकांनी तिथंच मुक्काम ठोकला, पहारे लागले. रात्रीचा पहारा खुशीनं आणि ललितनं हसत हसत मागून घेतला. संध्याकाळचा दुर्गाबाईंकडे आला. बळंच बसल्या बिचाऱ्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चंद्रभानजींनी बाहेरून चहा मागितला. चहा आला नाही. त्यांनी आत येऊन पुन्हा मागितला. दुर्गाबाईंनी नजर न हलवता हात वर केला.

"अध्याय संपू द्या."

मानाचे भुकेले चंद्रभानजी या वेळी जोड्यांकडे वळले नाहीत. सरळ स्वयंपाकघरात गेले, आणि चहा ठेवला. विहीणबाईंचाही.