सरकता डाग

"बाद!" ओली फिल्म खिडकीच्या उजेडात धरून गंगाधरपंतांनी निकाल दिला.

कारखान्याचे मालक आनंदराव मटकन पोत्यावर बसले. त्रेचाळीस साल होते. भोरच्या त्यांच्या ओतकामाच्या कारखान्याला पहिल्यांदाच लष्करी काम मिळाले होते. पंपांची जाड लोखंडी कवचे ओतायची. पहिले पास झाले, तरच पुढची. ते पहिले कारखान्यातल्या ओतारी कुंडलिकने ओतले होते. त्याच्या बापाच्या किंवा आज्याच्या हातचे ओतीव कधी परत आल्याचे पंचक्रोशीत कोणाला आठवत नव्हते.

पंत पुण्याहून ते तपासायला आले होते. रीत साधी, पण अचाट. कवचाच्या एका अंगाला काळ्या कागदात गुंडाळलेली फिल्म, दुसऱ्या अंगाला रेडियमची कुपी. पाच तास किरण लोखंडातून झिरपत. आत पोकळी असेल तिथे ते जास्त पार होत आणि फिल्म काळी पडे. भरीव जागी ती फिकट राही. लोखंडाच्या पोटातले गुपित लोखंड न फोडता बाहेर येई.

"हा बघ डाग. अंगठ्याएवढा."

"पर त्यो फिकट हाय, पंत," कुंडलिक म्हणाला. "म्हंजी माल जादाच पडला न्हवं? जादा घातला म्हून बाद?"

"परका धातू मिसळलाय! उद्या पुन्हा फिल्म काढतो."

दुसऱ्या दिवशी डाग चार बोटे डावीकडे सरकला होता. पंत बी.एस्सी. होते. त्यांच्या पुस्तकांत ओतीवातला दोष फिरायला जात नसे. बराच वेळ विचार करून त्यांनी तांबड्या पेन्सिलीने 'सरकता दोष' असे लिहिले आणि म्हणाले, "आता फोडूनच बघायला हवं."

कुंडलिकने स्वतः घण आणला आणि आनंदरावांच्या हातात दिला. "फोडा. माझ्या हातानं व्हायचं न्हाई."

आनंदरावांनी घण गुडघ्यापर्यंत उचलला. पुढे तो जाईना.

तेवढ्यात कुंडलिकची बायको फुलाबाई भाकरी घेऊन दारात आली. "ह्यो घण कशाला?"

"डाग निघालाय," कुंडलिक पुटपुटला.

तिने फिल्मकडे पाहिले. "अगं बया! ह्यो तर आपला भैरोबा!"

आनंदरावांनी घण खाली ठेवला.

"पयल्या कामावर देव ठेवल्याबिगर चालतंय व्हय? पंत कागद लावून च्याला गेलं, तवा देव्हाऱ्यातला चांदीचा टाक कागदाच्या आन् लोखंडाच्या मधी सारला. कुपी डब्यात बंद झाल्यावर काढून घेतला. आज जरा घाई झाली, म्हून दुसरीकडं बसला."

"मला इचारायचं तरी!"

"इचारलं असतं तर तुमी न्हाई म्हनला असता."

पंत भिंग घेऊन खिडकीशी धावले. टाकाची किनार स्वच्छ दिसत होती. दुमडलेला कोपरा दुहेरी, म्हणून आणखी फिकट. पंतांचा आवाज बदलला. "एवढ्या लोखंडाआडून चांदीचा पातळ पत्रा दिसतोय! फिल्मची नजर पारखायच्या माझ्या पट्ट्या लढाईमुळे विलायतेतच अडकल्यात. यापेक्षा चांगली पट्टी कुठली? जी फिल्म हे दाखवते, तिच्यातून भोक सुटायचं नाही. आणि काळा ठिपका एकही नाही! कुंडलिक, काय ओतलंयस रे!"

"म्या तेच म्हनत व्हतो," कुंडलिक फिल्मवरून बोट फिरवत हळूच म्हणाला. "पर माझ्या मनातलं ह्या फिल्मला कसं कळलं? लई गुणाची हाय."

अहवालात मात्र पट्टीची जाडी लिहावी लागते. पंतांनी मोजायचा चिमटा काढला. फुलाबाईने टाक मागे घेतला.

"आंगूळ?"

"सकाळीच केली."

"त्यावर तीन येळा च्या झालाय."

पौषातल्या वाऱ्यात बी.एस्सी. गंगाधरपंत नीरा नदीत बुडी मारून ओलेत्याने परतले आणि कुडकुडत देवाची जाडी मोजली. कवच पास झाले. आणखी चाळीस ओतायचे ठरले.

"फुलाबाई," दात वाजवीत पंतांनी विचारले, "प्रत्येक फिल्मला टाक लागेल. मिळेल ना?"

"मिळंल की," फुलाबाई म्हणाली. "नदी काय आटली न्हाई."