एकशे चव्वेचाळीस गांडुळं

पोटातल्या जंतांवर मी नवं औषध शोधते आहे आणि ते मे महिन्यापर्यंत सापडेल, असं मी २००६ सालच्या संक्रांतीलाच सगळ्यांना सांगून टाकलं होतं. शोधाला तारीख देणं मला भाग होतं. एक जूनला एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत मला रुजू व्हायचं होतं आणि त्याआधी एम.फार्म.ची तोंडी परीक्षा पास व्हायची होती. नाही झाले, तर कशेळीला काकांचं गोदाम होतंच! तिथे फाटकावर बसून ट्रकचे नंबर लिहायला त्यांना घरचं माणूस हवं होतं. त्या फाटकाच्या धास्तीने मला अभ्यासाची गोडी लागली होती.

भिवंडीबाहेरच्या आमच्या कॉलेजात खऱ्या जंतांची सोय नव्हती. अशा ठिकाणी औषध आधी गांडुळांवर तपासतात, कारण ती दिसायला-वागायला जंतांसारखी आणि मिळायला सोपी. बशीत औषधाचं पाणी, पाण्यात गांडूळ आणि हातात घड्याळ. वळवळ कधी थांबली ते लिहायचं, मग कधी मेलं ते लिहायचं. नक्की मेलं ना, हे बघायला ते शेवटी गरम पाण्यात बुडवायचं असतं. पण त्या वर्षीच्या लोडशेडिंगमध्ये आमच्या हीटरला गरम पाणी म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. मी नुसती बशी हलवायची. गांडूळ हललं नाही की मेलं! माझं तेवढ्यावर समाधान व्हायचं.

औषध होतं पळसाच्या बियांचं. पहिली चोवीस गांडुळं पडघ्याच्या काळूराम नावाच्या शेतकऱ्याने आणून दिली आणि बारा मिनिटांत सगळी थंड! त्यातल्या एकाला शेपटीकडे दोन टोकं होती. इतकं देखणं प्रेत पुन्हा मिळायचं नाही म्हणून मी त्याचा फोटो काढला आणि प्रबंधाच्या एक्केचाळिसाव्या पानावर लावला. खाली लिहिलं, ‘मृत’.

माझे मार्गदर्शक देवेश सर म्हणाले की एका खेपेने काही सिद्ध होत नाही, सहा हव्यात. आणि इथेच माझं नशीब फिरलं. मार्चमध्ये जमीन विटेसारखी झाली. काळूरामने कुदळ टाकली आणि आता पावसानंतर या म्हणून सांगितलं. पाऊस जूनमध्ये, नोकरी जूनमध्ये, आणि माझ्याकडे गांडूळ एकही नाही! मी प्रयोगशाळेच्या पायरीवर बसून सरळ रडायला लागले.

आमच्या प्रयोगशाळेचा केर काढणाऱ्या, बश्या धुणाऱ्या पुतळाबाई शेजारी येऊन बसल्या. किती पाहिजेत, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चोवीस. दुसऱ्या दिवशी डालड्याच्या जुन्या डब्यात ओली माती आणि मातीत बरोबर चोवीस गांडुळं! मी त्यांना मिठीच मारली. कुठून आणली हे विचारलं नाही. देवाने प्रसाद दिल्यावर कोणी पावती मागत नाही.

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी डबा येत गेला आणि मी मारत गेले. आणि काय आश्चर्य, प्रत्येक डब्यात एक दुशेपटं गांडूळ असायचंच! मी लगेच निष्कर्ष काढला की या भागातल्या मातीत ही वेगळी जातच आहे आणि चोवीसांत एक असं तिचं नेमकं प्रमाण आहे. देवेश सर इतके खूश झाले की त्यांनी मला त्यावर वेगळं प्रकरण लिहायला लावलं. त्या उन्हाळ्यात आमच्या व्हरांड्यातल्या कुंड्यांमधला मोगराही बेफाम फुलला होता. पुतळाबाई मला रोज गजरा द्यायच्या आणि मी तो विजयाची माळ असल्यासारखा मिरवायचे.

तोंडी परीक्षेला बाहेरून मदीहा मॅडम आल्या. आवाज इतका मऊ, की मला वाटलं आता चहा पिऊन सुटणार. त्यांनी प्रबंध शांतपणे वाचला आणि प्रयोग समोर करून दाखवायला सांगितला. पुतळाबाईंनी डबा आणला. मी ऐटीत गांडुळं बशीत ओतली आणि पहिलंच वर आलं ते दुशेपटं. मी अभिमानाने म्हटलं, “बघा मॅडम, हीच ती जात.”

मॅडमनी बशी पाहिली. एक्केचाळिसावं पान उघडलं. पुन्हा बशी पाहिली. डावं टोक आखूड, उजवं लांब आणि जरा वाकडं. फोटोतही तसंच.

“गरम पाण्यात बुडवून बघितलं होतंस?” त्यांनी विचारलं.

मी लोडशेडिंगचं सांगितलं. त्या पुतळाबाईंकडे वळल्या. “मावशी, ही गांडुळं कुठून आणता?”

“भाईरच्या कुंड्यांतून,” पुतळाबाई निरागसपणे म्हणाल्या. “ताईंचा खेळ झाला का मी त्यांना मातीत ठेवते. सकाली उठत्यात.”

“पण ती मेलेली असतात ना?”

“न्हाय वो! निजलेली असत्यात.”

देवेश सर वर पंख्याकडे बघत बसले. पंखा बंदच होता. मला मात्र सगळं लख्ख दिसलं. माझ्या प्रबंधात एकशे चव्वेचाळीस गांडुळं मेली होती. प्रत्यक्षात होती चोवीस, आणि ती लूमवरच्या कामगारांसारखी शिफ्टमध्ये येऊन, माझ्या बशीत डुलकी काढून, परत कुंडीत जात होती. मी दोन वर्षं घालवून जंतांना शांत झोप लागण्याचं औषध शोधलं होतं.

मॅडम मऊ आवाजातच म्हणाल्या, “पावसाळ्यात नवी गांडुळं घे, गरम पाणी घे, आणि पुन्हा कर. मी डिसेंबरमध्ये येईन.”

डिसेंबर! कंपनी काही माझ्यासाठी डिसेंबरपर्यंत खुर्ची पुसत बसणार नव्हती. मी गांडुळं परत डब्यात भरली, डबा उचलून बाहेर आले आणि त्याच पायरीवर बसून पुन्हा रडले. एक जूनला मी कुठे असणार हे मला तिथूनच दिसत होतं. हातात वही आणि समोर एमएच झिरो फोर.

पुतळाबाई येऊन बसल्या. मी त्यांच्यावर ओरडणार होते, पण मार्चमध्ये अख्ख्या कॉलेजात माझं रडणं ऐकून घेणाऱ्या त्या एकट्याच होत्या, हे आठवलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

“रडू नका ताई. परत करायचा हाय ना? मग हीच न्या. नवी कशाला? यांना आता सवय झालीय.”

मी डब्यातलं दुशेपटं हातावर घेतलं आणि मोगऱ्याच्या कुंडीत सोडलं. ते आरामात मातीत शिरलं. सहा वेळा मरूनही त्याची तब्येत माझ्यापेक्षा चांगली होती.