पाच काळ्या दिवाळ्या

१९८६ साली अख्ख्या चंद्रपूर जिल्ह्यात चिखल वाचता येणारा माणूस एकच होता. तो म्हणजे मी! प्राध्यापक गुणवंत खोब्रागडे, रसायनशास्त्र. मुंबईला आठ दिवसांचं शिबिर करून आलो होतो. तिथं खाडीच्या गाळात नळी ठोकायची, अलगद उपसायची आणि उभी चिरायची. आत थरावर थर! खालचा आजोबांच्या वेळचा, वरचा नातवाच्या वेळचा. कुठल्या साली कुठली घाण समुद्रात गेली, सगळं त्यात वाचायला मिळतं. आपल्या चंद्रपूरला खाडीच नाही, हे मात्र माझ्या ध्यानात आलं परतीच्या गाडीत, वर्धा गेल्यावर.

पण देवाजी कॉलेजात आला आणि माझं नशीब उघडलं. देवाजी म्हणजे घुग्घुसकडच्या पिपरबोडी गावच्या ढिवरांच्या सोसायटीचा अध्यक्ष. गावच्या तलावातली मासळी हेच त्यांचं पोट. तलावाच्या वरच्या अंगाला कोळसा धुण्याचा कारखाना आला, तलाव शाईसारखा झाला, मासे उताणे पडायला लागले.

"अन् कारखानावाले म्हणून राह्यले, का हा तलाव पहिलेपासूनच काळा हाय!" देवाजी म्हणाला. "सोमवारी कलेक्टर साहेबापुढं सुनावणी हाय. हारलो तं सोसायटी बुडाली जी सर."

"देवाजीभाऊ, घरी जाऊन निवांत झोपा," मी म्हणालो. "तलाव काळा कधी झाला ते तलावच सांगेल. मी त्याच्याकडून वदवून घेतो!"

शनिवारी सकाळी मी लोखंडी नळी घेऊन हजर. देवाजी आणि त्याचा थोरला भाऊ मुखरू यांनी मला डोंग्यात बसवून तलावाच्या मध्यावर नेलं. घणानं नळी ठोकली. उपसताना मी दोनदा पाण्यात पडलो, पण नळी सोडली नाही. काठावर अर्धं गाव जमलं होतं. मी छोटंसं भाषण ठोकलं आणि नळी चिरली.

आत खिचडी! काळं, पिवळं, राखाडी, सगळं एकजीव. सगळ्यात खाली, म्हणजे आजोबांच्या काळात, बॅटरीचा सेल. आणि त्याच्या वर आजोबांच्या हुक्क्याची चिलीम!

"असं कसं झालं?" मी ओरडलो.

"आमी दर उन्हाळ्यात गाळ काढून वावरात टाकतो न," मुखरू म्हणाला. "वरून शिंगाड्याचे वेल पायानं चिखलात दाबतो. गाळ खालवर होतेच."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं कुठी?"

झालं! माझी आठ दिवसांची मुंबई तिथंच चिखलात गेली. पण मी हटणारा नव्हतो. सोमवारपर्यंत पुरावा आणला नाही तर नावाचा खोब्रागडे नाही, असं मनाशी म्हणत मी देवाजीच्या घरी येऊन भिंतीला टेकून बसलो.

"टेकू नका जी सर, पोपडा पडते!" देवाजीची बायको गिरजाबाई आतून ओरडली.

तोवर पोपडा पडला होता. तो उचलून मी फेकणार, तेवढ्यात माझी नजर त्याच्या कडेवर गेली. थर! एकावर एक, सरळ, स्वच्छ! आतले पिवळे, बाहेरचे काळे.

"गिरजाबाई, ही भिंत कशानं लिपता?"

"तलावाच्या गाळानं. पोळा झाला का काठाला नवा गाळ बसते. त्यात कोंडा कालवून दिवाळीले लिपते. दरसाल एक हात."

दरसाल एक थर! त्याच सालचा ताजा गाळ! मी उभा राहिलो ते थेट चुलीपाशी नाचतच गेलो.

"हा सगळ्यात आतला कुठल्या सालचा?"

"दोघं भाऊ वेगळे झाले, दोन घरांच्या मधात ही भिंत घातली, त्या सालचा. तिसरा हाय तो माहा पोरगा श्रावण झाला तेव्हाचा. आन् हा पयला काळा, कारखान्याचा भोंगा पयल्यांदा वाजला त्या दिवाळीचा. मी तं रडलीच होती. सणाची भिंत, आन् अशी तव्यासारखी!"

चार पिवळे, पाच काळे. नऊ दिवाळ्या! मुंबईच्या खाडीलासुद्धा इतक्या पक्क्या तारखा नव्हत्या.

पण साहेबापुढं पोपडा नेऊन भागणार नव्हतं, चांगला हातभर तुकडा हवा. कुडाची भिंत होती, म्हणजे मध्ये बांबूच्या कमच्या आणि दोन्हीकडून माती. मी पेन्सिलीनं चौकोन आखला, करवत मागितली. मुखरू म्हणाला, "सर, मी कापू का? खालून उधईनं कमच्या खाल्ल्या हाय."

"बाजूला व्हा, हे शास्त्राचं काम आहे!"

चौकोन सुंदर निघाला. मी तो छातीशी धरून मागं सरकलो आणि उरलेली भिंत धाडकन आडवी झाली! धूळ खाली बसली तेव्हा पलीकडे चुलीपुढं मुखरूची बायको केसरबाई बसलेली दिसली. भाकरीवर माती, केसांवर माती, डोळ्यांत अंगार.

या दोघी जावा तीन वर्षं एकमेकींशी बोललेल्या नव्हत्या. त्या एका क्षणात सगळा अनुशेष भरून निघाला.

"आता भिंत पाडली का वो? बकरी सोडली माह्या वाडीत, तेव्हाच समजलं होतं मले!"

"बकरी माही नव्हती! हजार डाव सांगतलं!"

"तिच्यामागं धावता धावता माहा हात मोडला, आन् म्हणते माही नव्हती!"

दोघे भाऊ केव्हाच तलावाकडे पळाले होते. मी मात्र आनंदात! माझ्या हातातल्या तुकड्याला पलीकडूनही थर होते, केसरबाईंनी लिपलेले. एका पुराव्याला दोन साक्षीदार! मी त्या भांडणातच दोघींनाही सोमवारचं आमंत्रण दिलं.

सोमवारी तो तुकडा लुगड्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन एसटीनं चंद्रपूर गाठलं. देवाजी आणि दोघी जावा बरोबर होत्याच, जावा वाटभर भांडत. साहेबांपुढं ठेवला, खाडीपासून सुरुवात केली. साहेबांनी दोन जांभया दिल्या. कारखान्याचे इंजिनिअर मात्र भिंगासारखे डोळे करून थर मोजत होते.

"साहेब, हे बघा!" ते एकदम ओरडले. "या बाजूला काळे थर पाच, त्या बाजूला चार! एकीच्या घरी पाच दिवाळ्या आणि दुसरीच्या घरी चार? सगळं बनावट आहे!"

मी मोजलं. खरंच चार! देवाजीचं तोंड उतरलं. साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

"मी सांगू का जी?" केसरबाई उठल्या आणि उजवा हात साहेबांच्या नाकापुढं धरला. मनगट वाकडं बसलेलं. "त्र्याऐंशीच्या दिवाळीले हा मोडला होता. मोडक्या हातानं भिंत कोण लिपते? एक साल सुटलं. हिच्या बकरीमागं धावून पडली मी."

"कशावरून?" इंजिनिअर म्हणाले. "ही बाई तर मघा बाहेर भांडत होती, की बकरी तिची नव्हतीच!"

खरं होतं ते. बाहेर व्हरांड्यात अख्ख्या कचेरीनं ऐकलं होतं. सगळे गिरजाबाईंकडे बघायला लागले. त्यांनी पदराचं टोक पिरगाळलं. एकदा देवाजीकडे पाहिलं, एकदा त्या वाकड्या मनगटाकडे.

"माहीच होती जी," त्या म्हणाल्या. "दावं मीच सोडलं होतं. रागानं." आणि मग केसरबाईंकडे वळून हळूच, "चुकलं वो बाई माहं."

केसरबाईंनी नाक पुसलं. "मले मालूम होतं," म्हणाल्या आणि तिला आपल्या बाकावर सरकून जागा दिली. साहेबांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं.

महिन्याभरानं निकाल आला. कोळशाचं काळं पाणी तलावात सोडायला कारखान्याला मनाई! पिपरबोडीत गुलाल उधळला. मी निकालाची प्रत मागवून घेतली, म्हटलं चौकटीत बसवून प्रयोगशाळेत लावू. त्यात स्वच्छ टंकलिखित होतं: "तज्ज्ञ साक्षीदार: १) श्रीमती केसरबाई, २) श्रीमती गिरजाबाई." मी पान उलटलं. माझं नाव शेवटच्या ओळीत सापडलं.

"भिंत वाहून आणणारा इसम: गुणवंत खोब्रागडे."