पुलाच्या लेकी

शूर पूर्वज प्रत्येकालाच असतो. प्रतिष्ठित माणसाकडे त्याचा कागद असतो.

याच पायावर कनेक्टिकटमधल्या विलबी गावात 'पुलाच्या लेकी' ही संस्था छत्तीस वर्षे भक्कम उभी होती. इंग्लंडच्या राजाविरुद्धच्या लढाईत विलबीच्या सतरा जणांनी गावचा पूल अडवला होता. त्यांच्या थेट वंशातल्या स्त्रियांनाच प्रवेश. थेट म्हणजे बाप, आजा, पणजा. काका चालत नसे.

संस्थापिका चार. (इतिवृत्तात चार, गावात तसे सांगणाऱ्या अकरा. संस्था वाढते ती अशी.) पहिल्या अध्यक्षा मिस लव्हिनिया पेकम अजूनही अध्यक्षाच होत्या. त्यांच्या डाव्या खांद्यावर पदकांचे इतके वजन होते, की खुर्चीत त्यांची डावी बाजू आधी बसे आणि उरलेल्या बाई मागाहून. मिस अल्मायरा गुडसेल झेंडा दिसला की उठून उभ्या राहत. नजर अधू झाल्यापासून खबरदारी म्हणून वाळत घातलेल्या चादरीलाही. तिसरीने पुलाच्या जुन्या फळीचे लाटणे करून घेतले होते. चौथी वारली होती, तरी सभांना तिची उणीव भासत नसे. ती हयातीतही येत नव्हती.

या सगळ्यांच्या वंशावळी तपासायची ड्रुसिला वॉडम्स. एकोणीस वर्षांत तिने दोनशे बारा अर्ज तपासले, एकशे चाळीस परत पाठवले. ती स्वतः मात्र सभासद नव्हती. पुलापाशी ज्याची कबर आहे तो एझ्रा वॉडम्स तिचा चुलत पणजोबा. एकोणिसाव्या वर्षी पुलावर कामी आला, लग्नाआधी. त्याच्या नावावर तिने तीनदा अर्ज केला आणि नियमावर बोट ठेवून तीनदा स्वतःच नामंजूर केला.

तिला पदक नको होते. हवी होती वार्षिक भोजनाला एक खुर्ची. सभासद नसलेल्यांना स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्याने जेवावे लागे, आणि एक्कावन्नाव्या वर्षी गुडघे बोलू लागतात.

अशात माळ्यावरच्या बायबलमध्ये तिला सख्ख्या पणजोबांचे शपथपत्र सापडले. जेबेझ वॉडम्स, एझ्राचा धाकटा भाऊ. घरात सांगायचे, की तो त्या दिवशी दळण आणायला गेला होता, आणि सतरांतले एक नाव गावाला कधीच कळले नव्हते. म्हातारपणी निवृत्तिवेतनासाठी मात्र त्याने न्यायाधीशापुढे खरे सांगितले होते. ते तिने मंगळवारी मिस पेकम यांच्या दिवाणखान्यात वाचून दाखवले.

"'मी पुलावर होतो. शिपाई दिसताच सोळा जण पळालो. सर्वांत पुढे पेकम, मग गुडसेल. मी शेवटचा, कारण एका पायात बूट नव्हता. एझ्राला हाक मारली. तो म्हणाला, तू हो पुढे.'"

लिंबाच्या केकवरची सुरी थांबली.

"काय म्हणतेय ती?" अल्मायराबाईंनी कानामागे हात नेला.

"तुमचे पणजोबा पळाले म्हणतेय," लाटणेवाली तिसरी म्हणाली.

"पेकमच्या पुढे की मागे?"

"मागे."

"तरीच. पेकमांनी जेवणाची वेळ कधी चुकवली नाही."

लव्हिनियाबाई ड्रुसिलाकडे वळल्या. "हे बघ, तो कागद शेकोटीत टाक. तुला एझ्राच्या नावावर आत्ता घेते. काका तर काका."

"नियमात बसत नाही, मिस पेकम."

"आणि हा पळपुटा बसतो?"

"बसतो ना. थेट वंश, न्यायाधीशाची सही, पुलावरची हजेरी सिद्ध. किती वेळ हजर होता, हे आपण अर्जात विचारतच नाही."

मग लव्हिनियाबाईंनी ठराव सांगायला घेतला, आणि तो एकमताने मंजूर झाला:

'सोळा वीरांनी दूरदृष्टीने आपल्या भावी लेकींचे प्राण वाचवले. सतराव्या एझ्राने संस्थेसाठी मागे एकही लेक ठेवली नाही, सबब त्याचे नाव पुलाशी लावायच्या ताम्रपटावर घेण्याचे कारण दिसत नाही.'

"लिहून घे, ड्रुसिला. तुझं अक्षर चांगलं आहे."

ड्रुसिलाच्या लेखणीचे टोक कागदाला टेकले आणि तिथेच राहिले. शाईचा ठिपका मोठा होत गेला. मग तिने लिहिले.

यंदा भोजनाच्या रांगा पूर्वज घरी पोहोचल्याच्या क्रमाने लावल्या. ड्रुसिलाची खुर्ची शेवटची, स्वयंपाकघराच्या दाराशीच, पण खुर्ची. कोंबडीच्या सॅलडचा पहिला घास तिने बराच चघळला. दुसरा सोपा गेला.

हसताय? मग आपले पूर्वज मोजा. आई-बाप, आजे-आज्या, पणजे, मागे जाल तितके हजारो. इतक्या लढाया झाल्या, पण त्या हजारोंतला एकही जण पोटी लेकरू येण्याआधी पुलावर थांबलेला नाही. एकही नाही. म्हणून तर तुम्ही निवांत बसून हे वाचताय.