हेनेरालचे पाय

"माझी लायब्ररी कुठलाही फोटो वाचते, मनांग! कुठलाही! तू फक्त कार्ड घाल आणि छाप!"

शनिवारी सकाळी तेर्योने आपल्या थोरल्या बहिणीच्या दुकानात उभं राहून ही घोषणा केली आणि वर काउंटरवर हात आपटला. काउंटरवरची कात्री उडाली. अपशकुनच तो, पण त्या वेळी कोणाच्या लक्षात आला नाही.

मनांग म्हणजे ताई. मेर्लिंडाचं फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या बाजाराला लागून फ्लेक्स छापायचं दुकान होतं. नर्सिंगच्या परीक्षेचा निकाल आदल्या संध्याकाळी लागला होता. इलोइलोत घरातलं कोणी नर्स झालं, की आधी फाटकावर फ्लेक्स लागतो, मग देवाचे आभार मानले जातात. सकाळी सहापासून रांग होती. प्रत्येकाच्या हातात एक मेमरी कार्ड, आणि दुकानातला जुना प्रोग्राम दर तिसऱ्या कार्डापुढे मान टाकायचा. म्हणून तेर्योने, जो एका ऑफिसात अकरा वर्षं कोड लिहीत होता, दोन महिने खपून फोटो उलगडणारी स्वतःची लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामला जोडायचा कोडचा संच, लिहिली होती. तशा तयार लायब्रऱ्या फुकट मिळतात, चांगल्या असतात आणि सगळं जग त्या वापरतं. पण दुसऱ्याने लावलेला भात गिचकाच होणार, असं मानणाऱ्यांपैकी तेर्यो होता.

"तोतो, छापायच्या आधी एकदा स्क्रीनवर बघून घेऊ का रे?" मेर्लिंडाने विचारलं. धाकटा भाऊ चौतीस वर्षांचा झाला तरी तिचा तोतोच होता.

"बघत बसलीस तर चाळीस फ्लेक्स कधी व्हायचे? माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

"तू माझी सायकल दुरुस्त केलीस, तेव्हापासून नाही!"

पण रांग ओरडायला लागली, आणि मेर्लिंडाने मशीन सुरू केलं.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या चाळीस फ्लेक्सांतला एक लुविमिनचा होता. लुविमिन आणि तेर्यो यांचं चार वर्षांपासून जमलेलं होतं. तिच्या वडिलांची, म्हणजे आन्सेल्मो यांची, अट एकच: आधी परीक्षा पास, मग लग्नाची गोष्ट. लुविमिन दोनदा नापास झाली. दोन्ही वेळा तेर्यो तिच्याहून जास्त रडला. तिसऱ्यांदा ती पास झाली होती, आणि आज चार वाजता तेर्यो आपल्या आईला घेऊन, पातेलंभर पान्सित नूडल्स घेऊन, तिला रीतसर मागणी घालायला जाणार होता.

आन्सेल्मो स्वतः दुकानात कार्ड देऊन गेले होते. त्यावर दोन फोटो. पहिला हेनेरालचा, म्हणजे त्यांच्या झुंजीच्या कोंबड्याचा. हेनेराल रविवारी मैदानात उतरणार होता आणि त्याचा फ्लेक्स तिथे लागायचा होता. दुसरा लुविमिनचा. दोघांवरही आन्सेल्मोंचा जीव. जास्त कोणावर, हे विचारायची हिंमत घरात कोणी केली नव्हती.

पहिला फोन साडेअकराला आला.

"आमच्या आजीचा ऐंशीवा वाढदिवस आहे," पलीकडची बाई म्हणाली. "कमरेच्या वर आजीच आहे. कमरेखाली कोण आहे? घट्ट चड्डी घालून सायकल चालवतंय!"

"त्यांचा फोन जुना असेल," तेर्यो बहिणीला ऐटीत म्हणाला.

दुसरा फोन एका नव्या नर्सच्या काकांचा होता. डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर हसू, आणि गळ्याखाली केळीच्या पानांवर भाजलेलं अख्खं डुक्कर!

"कार्ड खराब," तेर्यो म्हणाला. पण या वेळी जरा हळू.

तिसरा फोन चर्चमधून आला. पाद्रीसाहेबांच्या सेवेची पंचवीस वर्षं. पाद्रीसाहेब वरून आशीर्वाद देत होते आणि खालून त्यांनी बाळाचा लंगोट घातला होता.

मेर्लिंडाने फोन ठेवला आणि कात्री उचलली. तेर्योने घाईघाईने लॅपटॉप उघडला.

दोन मिनिटांत चूक सापडली, आणि ती सापडल्यावर त्याला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. त्याची लायब्ररी कार्डाकडून फोटो बादलीबादलीने घ्यायची. अख्खी बादली मागायची आणि अख्खी बादली ओतायची. पण कार्ड जुनं असलं, की बादली कधी कधी अर्धीच भरून येते. उरलेला माल मागाहून येतो. बादली किती भरली, हे बघायचं तेर्योने लिहिलंच नव्हतं! वरचा अर्धा भाग नव्या फोटोचा, आणि बादलीच्या तळाला जे राहिलेलं, ते आधीच्या गिऱ्हाइकाचं. घरी त्याच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर बादली दर वेळी काठोकाठ भरायची. मग बघतो कोण?

एकाएकी त्याने लॅपटॉपवरून मान वर केली.

"मनांग, विमिनच्या आधी कोणाचा फोटो छापला?"

मेर्लिंडाने वहीत बोट फिरवलं आणि हळूच म्हणाली, "हेनेरालचा."

"विमिनचा फ्लेक्स कुठाय?"

"अकरालाच घेऊन गेले ते. गुंडाळून दिला मी. कोंबड्याचा राहू दे म्हणाले, उद्या नेतो."

तेवढ्यात तेर्योचा फोन वाजला.

"चारची वाट बघू नकोस," आन्सेल्मो म्हणाले. "आत्ता ये."

फाटकासमोर निदान तीस माणसं जमली होती. आइस्क्रीमवाल्याने गाडीही आणून लावली होती. तेर्यो रिक्षातून उतरला आणि वर बघून त्याचे पाय तिथेच रुतले. आठ फुटी लुविमिन! पांढरी टोपी, कानात मोती, दोनदा नापास होऊन पास झालेल्या माणसाचं ते खुललेलं हसू. आणि हनुवटीखाली तांबड्या पिसांची फुगलेली छाती, पिवळे पाय, नख्या. त्याखाली मोठ्या अक्षरांत: 'आमची लुविमिन नर्स झाली! अभिमानी बाबांकडून.'

आन्सेल्मो हाताची घडी घालून फ्लेक्सखाली उभे होते.

"ताताय, बाबा, माझंच चुकलं!" तेर्योने गुडघे टेकायचेच बाकी ठेवले होते. "तिचा आयुष्यातला एवढा मोठा दिवस, आणि मी... तिला तोंड कसं दाखवू?"

"तिला काय झालंय? तिचं तोंड आहे ना वर? नाव बरोबर आहे, नर्स बरोबर आहे. पलीकडच्या गल्लीत तीन फ्लेक्स लागलेत, कुत्रंही बघत नाही. आमचं नाव सकाळपासून अख्खा गाव मोठ्याने वाचतोय!"

"मग तुम्ही रागावलात कशाला?"

आन्सेल्मोंनी बोट पिवळ्या पायांकडे नेलं.

"डावी मधली नखी वाकडी आहे. हे पाय मी झोपेतही ओळखतो. उद्या झुंज, आणि आज माझ्या फाटकावर हेनेराल लटकतोय बिनडोक्याचा! असला अपशकुन कोणी शत्रूलाही करत नाही रे!"

गर्दीतले चार-पाच कोंबडेवाले गंभीरपणे माना हलवायला लागले. फाटकाआडून लुविमिन आली. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"तेर्यो, दोनदा नापास झाले तेव्हा गल्लीत कोणी नजर वर करून बघत नव्हतं," ती म्हणाली. "आज सगळे फोटो काढून घेतायत! मला अंडी कधी देणार म्हणून विचारतायत!"

तेर्योच्या जिवात जीव आला. इतका आला, की तो पायरीवर मटकन बसला आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. आन्सेल्मो शेजारी बसले. हे झालं कसं, ते त्यांना ऐकायचंच होतं. तेर्योने बादली सांगितली, तळ सांगितला, अर्धी भरलेली बादली सांगितली.

"म्हणजे मी पिल्लांसाठी मूठभर दाणे मागितले," आन्सेल्मो म्हणाले, "आणि हातात आले अर्धी मूठ. तर तू बाकीचं कालचं भुसकट घालून मूठ भरलीस?"

"हो."

"अरे, मग आधी मुठीत किती आलं ते बघायचं! कमी असेल तर थांबायचं आणि परत हात पुढे करायचा. पिल्लालाही कळतं हे. अकरा वर्षं तू ऑफिसात करतोस काय?"

तेर्योने नेमकं तेच लिहिलं. किती आलं ते मोज, कमी असेल तर थांब, परत माग. तीन ओळी! त्याने त्या मेर्लिंडाला पाठवल्या आणि सोबत निरोप दिला, की या वेळी स्क्रीनवर बघून घे.

बरोबर चार वाजता मेर्लिंडा रिक्षातून उतरली, मागोमाग आई, हातात पान्सितचं पातेलं. मेर्लिंडाने दोन फ्लेक्स उलगडले. लुविमिन नखशिखांत लुविमिन होती. हेनेराल तुऱ्यापासून शेपटीपर्यंत शाबूत होता. आन्सेल्मोंनी आधी त्याचं डोकं निरखून बघितलं, मग लेकीचं. जुना फ्लेक्स उतरवताना मात्र गर्दीने आरडाओरडा केला. तो चित्र आत करून खुराड्यावर घातला गेला.

मग सगळे आत बसले. तेर्योच्या आईने घसा साफ केला, दोन्ही घरांबद्दल चार चांगले शब्द बोलली आणि लुविमिनला मागणी घातली. आन्सेल्मोंनी उठून पंख्याचा वेग कमी केला.

"माझी काही हरकत नाही..." ते म्हणाले.

तेर्यो खुर्चीतून उडाला! त्याने आईला मिठी मारली, मेर्लिंडाला मारली, पान्सितचं पातेलं पडता पडता वाचलं.

"खाली बस!" आन्सेल्मो गरजले. "माझं अर्धंच वाक्य झालंय! आत्ताच शिकवलं ना तुला? किती आलं ते बघ. थांब. मग बाकीचं माग!"

तेर्यो बसला, हात मांडीवर ठेवून, शाळेतल्यासारखा.

"बाकीचं... बाकीचं काय, ताताय?"

"बाकीचं असं, की लग्न झुंजींचा मोसम संपल्यावर. आणि लग्नाच्या फ्लेक्सवर हेनेराल पाहिजे. डोक्यासकट."

रविवारी हेनेराल जिंकला. मे महिन्यात लग्न लागलं. तेर्योच्या लायब्ररीने तिन्ही फोटो शेवटच्या बाइटपर्यंत वाचले, एकही चूक नाही, मेर्लिंडाने स्क्रीनवर दोनदा तपासलं. फाटकावर लुविमिन पूर्ण आली. हेनेराल तुऱ्यापासून वाकड्या नखीपर्यंत पूर्ण आला. त्याची शेपटी जरा लांब असल्याने जागा कमी पडली, म्हणून मेर्लिंडाने आन्सेल्मोंना विचारून तेर्योचा फोटो खांद्यापासून खाली कापला.