गोदाक्काची गाजरं आणि भाऊसाहेबांचा पंचनामा

एका जंगलात, बाळांनो, ओढ्याच्या काठी गोदाक्का नावाची सशीण गाजरं पिकवायची. घरात सहा पिल्लं. पावसाळ्यात पेरायचं आणि थंडीभर खायचं, अशी तिची रीत. चुळबूळ करू नका, गोष्ट गाजरांचीच आहे.

एके वर्षी ओढ्याला असा पूर आला की सगळं पीक वाहून गेलं. वाफ्यांत उरला गुडघाभर चिखल. सशाचा गुडघा तो केवढा, म्हणाल. पण चिखल उपसणाऱ्यालाच कळतं.

सिंहमहाराज गुहेतूनच गरजले, "कुणीही उपाशी राहणार नाही! ज्याचं जेवढं नुकसान, तेवढी गाजरं त्याला सरकार देईल. मात्र पंचनामा होईपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही."

पंचनामा करणार तलाठी भाऊसाहेब. आणि भाऊसाहेब होते कासव. आता घ्या!

शेजारचा शिरपतराव कोल्हा कुंपणाशी येऊन म्हणाला, "अक्का, चिखल जपा हो. चिखल आहे तोवर मदत आहे."

"आणि पेरणीचे दिवस सरले तर? थंडीत पोरांना काय, चिखल वाढू?"

"तुम्ही फार घाई करता बुवा."

गोदाक्का आठ दिवस थांबली. वाटेकडे बघून बघून डोळे दुखले. नवव्या दिवशी धाकटं पिल्लू भुकेनं रडायला लागलं, तशी ती ताडकन उठली. "जळ्ळा मेला तो पंचनामा!" म्हणाली. सहाही पिल्लांना हाताशी घेऊन तिनं चिखल उपसला आणि ठेवणीतलं बी पेरलं. हात सोलवटले बिचारीचे.

तीन महिन्यांनी भाऊसाहेब पोहोचले. फार दमले होते. आधी शिरपतरावाकडे चहा झाला.

मग शिरपतरावाचं रान बघितलं. तिथे दगड होते. पुराआधीही दगडच होते, पण सांगणार कोण? पंच म्हणून शिरपतरावाचे चार मेहुणे आणि पाचवा खुद्द शिरपतराव. भाऊसाहेबांनी लिहिलं, 'पीक समूळ नष्ट.' कोल्हा कुठे गाजरं खातो, असं विचारताय ना? विकतची नाही खात. फुकटची खातो.

तिथून भाऊसाहेब गोदाक्काच्या बांधावर आले.

"अरे वा, काय पीक आलंय! नुकसान निरंक."

"अहो भाऊसाहेब, पुरात सगळं गेलं होतं! हे मी पुन्हा पेरलंय."

"म्हणजे पुरावा तुम्हीच नष्ट केलात?"

गोदाक्काला रडू फुटत होतं, ते तिनं गिळलं. नको तर नको तुमची मदत, घरची गाजरं आहेत, पोरं जगतील, अशी तिनं मनाची समजूत घातली.

आठवड्याभरात भाऊसाहेब पुन्हा हजर. या खेपेला चक्क धावत! मागे चार गाड्या.

"अक्का, महाराजांचं कोठार रिकामं आहे. आपद्ग्रस्तांना गाजरं तर दिली पाहिजेत. अख्ख्या जंगलात उभं पीक आहे ते तुमचंच. ज्यांचं नुकसान निरंक, त्यांनी मदतनिधीला हातभार लावायचा, असा हुकूम आहे."

दुपारपर्यंत वाफे रिकामे झाले. गाड्या शिरपतरावाच्या दारात जाऊन थांबल्या.

गोदाक्का मोकळ्या रानात उभी होती. पिल्लं तिला चिकटून. ती ओरडली, "आता तरी लिहा, भाऊसाहेब! एक गाजर राहिलं नाही. हे नुकसान नाही तर काय आहे?"

भाऊसाहेबांनी कागद उलटेपालटे केले. त्यांनाही वाईट वाटलं असावं, कारण मान जराशी आत गेली.

"पूर आहे, गारपीट आहे, टोळधाड आहे," ते म्हणाले. "मदतीनं झालेल्या नुकसानीचा रकाना नाही हो, अक्का."

तात्पर्य : बाळांनो, संकट आलं की खुशाल हातपाय गाळून बसावं. जो उठून कामाला लागतो, बाकीच्यांना मदत त्याच्याच घरून जाते.