भाच्याचे पाय

खुब्याचा सांधा बदलायचं ठरलं तेव्हा शिरीषराव एखाद्या नवरदेवाच्या तोऱ्यात होते. शेजारच्या दिवाकररावांनी त्यांना सांगून ठेवलं होतं, "काही नाही रे त्यात. गाडीचा पार्ट बदलल्यासारखं आहे. इकडे बसवला, तिकडे माणूस पळायले लागते." दिवाकररावांचे स्वतःचे दोन्ही खुबे मूळचेच होते, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही.

ऑपरेशननंतर नर्सने पहिल्यांदा उभं केलं, तेव्हा शिरीषराव पळाले नाहीत. "अगं आई गं" म्हणून पलंगावर बसले, आणि त्यांची सगळी उमेदच मावळली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, "वाकायचं नाही, मांडी घालायची नाही, खाली बसायचं नाही. पण रोज चालायचं." शिरीषरावांनी त्यातली 'नाही' तेवढी पाठ केली आणि रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या आपल्या घरी खिडकीशी पलंग लावून पडून राहिले. वॉकर भिंतीशी उभा होता. त्यावर टॉवेल वाळत असे.

"उठा ना जरा," त्यांच्या पत्नी कुमुदताई म्हणायच्या.

"नवा सांधा आहे. निखळला म्हणजे?"

"मग काय तसाच जपून नातवाले द्यायचा आहे?"

व्यायाम शिकवायला सोनिया यायची. ती नुसती दरवाजापर्यंत चला म्हणायची आणि शिरीषराव "उद्या" म्हणायचे. एकदा जाताना सोनिया कुमुदताईंना बाजूला घेऊन म्हणाली, "आंटी, अंकल ऐसेही लेटे रहे तो पैर जकड़ जाएगा. फिर मैं भी कुछ नहीं कर पाऊँगी." त्या दिवशी कुमुदताईंच्या हातून भाजीत दोनदा मीठ पडलं.

अशात पुण्याहून भाचा आला. गंधार, शिरीषरावांच्या बहिणीचा, देवयानीचा मुलगा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. छत्तीसगडात मामा भाच्याच्या पाया पडतो. कौसल्या इथली लेक, म्हणून राम सगळ्यांचा भाचा, आणि म्हणून घरोघरचा भाचा रामाच्या जागी. शिरीषरावांचे आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी अमरावतीहून रायपूरला आले. त्यांनी इथलं हवापाणी घेतलं, भाषा घेतली आणि ही रीतही घेतली. गंधार पाळण्यात असताना मामा पहिल्यांदा पाया पडायला वाकले, तेव्हा त्याने त्यांच्या नाकावर लाथ मारली होती. शिरीषरावांनी तो आशीर्वाद समजला. पण गंधार वाढला पुण्यात. तिथे भाचा मामाच्या पाया पडतो. त्यामुळे दर भेटीत दोघेही एकाच वेळी वाकत आणि डोक्यावर डोकं आपटत असे. ते झालं की मगच चहा.

या वेळी गंधार दारात दिसला आणि शिरीषराव चक्क उठून बसले. "तो टॉवेल काढ," म्हणून वॉकर मागवला आणि उभे राहिले. कुमुदताई बघतच राहिल्या. पण ते वाकायला लागले तशा त्या मधे पडल्या.

"काहून वाकून राहिले? डॉक्टर काय म्हणाले?"

"अन् भाचा घरी आला, तर मी काय हात हलवून टाटा करू?"

"मामा, या वेळी राहू द्या ना," गंधार म्हणाला.

"तू चूप. तुले नाही समजत."

गंधार खुर्चीत बसला आणि त्याने पाय उचलून पुढे केला. शिरीषरावांना ते आवडलं नाही. असा पाय पुढे करणं म्हणजे लाथ दाखवणं. भाचा उभाच पाहिजे. मग भाच्यालाच वर चढवायचं ठरलं. तो पाटावर उभा राहिला, पण पाय काही हाताशी येईनात. स्टुलावर उभा राहिला, तरी मामांना थोडं वाकावंच लागत होतं. शेवटी त्याला जेवणाच्या टेबलावर चढवलं. कुमुदताईंनी पंखा बंद केला. शिरीषराव वॉकर टेकत टेबलाशी गेले. एक हात वॉकरवर ठेवून, ताठ उभं राहून त्यांनी दुसऱ्या हाताने भाच्याच्या पायांना स्पर्श केला. फार प्रसन्न दिसले.

आणि इतक्या वर्षांच्या सवयीने गंधारही मामांच्या पाया पडायला वाकला.

तोल सावरताना तो मागे, टेबलाच्या पलीकडे पडला, म्हणून मामा वाचले. गंधारचा घोटा मात्र मोडला. गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालून तो त्याच घरात दुसऱ्या टोकाच्या खोलीत खुर्चीवर बसला. पाय समोरच्या स्टुलावर, खाली दोन उशा.

देवयानीला फोन कुमुदताईंनी केला. "काय करत होता तो टेबलावर?" या प्रश्नावर त्यांनी फोन गंधारच्याच हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉकरची टकटक ऐकू आली. शिरीषराव एकटे निघाले होते.

"कुठं चालले?"

"पोट्ट्याच्या पाया पडतो. माझ्यापायी पडला बिचारा."

"अन् तो वर केलेला पाय चालते आता?"

"डॉक्टरने वर ठेवायले सांगितला आहे. ती लाथ नाही."

उशांमुळे पाय अगदी हाताशी येत होता. शिरीषराव पाया पडले, थोडं बसले, परत आले. सोनियाला हे कळलं तेव्हा तिने गंधारकडे दुकानातल्या महागड्या यंत्राकडे बघावं तसं बघितलं.

"अंकल, सिर्फ सुबह? शाम को भी पड़िए. भगवान की पूजा दोनों टाइम होती है."

"हव," शिरीषरावांनी होकार दिला.

"मला कोणी विचारणार आहे का?" गंधारने विचारलं. कोणी विचारलं नाही.

मग सोनिया रोज गंधारची खुर्ची थोडी थोडी पुढे सरकवू लागली. खोलीतून ओसरीवर, ओसरीतून अंगणात. एकदा तो फाटकाबाहेर कडुलिंबाखाली बसलेला दिसला. मांडीवर लॅपटॉप, ऑफिसची मीटिंग चाललेली, आणि शिरीषराव काठी टेकत येऊन त्याच्या प्लास्टरला नमस्कार करताहेत. पुण्याच्या साहेबाने मीटिंग थांबवून विचारलं, की हे कोण. गंधार म्हणाला, "माझे मामा. व्यायाम करताहेत."

प्लास्टर काढायच्या दिवशी शिरीषराव गल्लीच्या टोकापर्यंत पोचले होते. कुमुदताई गंधारबरोबर दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, "हाड छान जुळलंय. आता काढू या."

"अजून थोडे दिवस नाही ठेवता येणार?"

"काहून ठेवायचं, ताई? पाय बरा झाला त्याचा."

"हो," कुमुदताई म्हणाल्या. प्लास्टर कापलं जात असताना गंधारच्या लक्षात आलं, की मामी मघापासून मोठ्या मायेने त्याच्या दुसऱ्या पायाकडे बघत आहेत.